तुम्ही विचारलंत म्हणून : स्वतःची ओबी व्हॅन कधी घेणार?

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी आलेले मामा विचारतात, बँकेतले साहेब विचारतात, आमच्याकडे नव्याने लागलेली मुलं तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. गोव्यातल्या इतक्या थेट प्रक्षेपणांना तुमची माणसं असतात, मग जागेवरून थेट प्रक्षेपण करायची गाडी, म्हणजे ओबी (आउटसाइड ब्रॉडकास्ट) व्हॅन, अजून भाड्याचीच कशी? स्वतःची ओबी व्हॅन कधी घेणार?

थेट प्रक्षेपणाला कॅमेऱ्यापासून आवाजापर्यंतची माणसं पुरवणं हा आमचा धंदा. गाडीबद्दल माझं उत्तर एवढंच की घेणार नाही. पण ते दारात उभ्याउभ्या सांगितलं की समोरच्याला वाटतं, पैसे कमी पडत असतील. म्हणून सविस्तर लिहितो.

मडगावातल्या फातोर्ड्याचा फुटबॉल सामना तुम्ही घरी बघता तेव्हा स्टेडियमच्या मागे एक लांबलचक गाडी उभी असते. मैदानावरच्या प्रत्येक कॅमेऱ्याची केबल तिच्यात येते. आत दिग्दर्शक, कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जायचं ते बदलणारा स्विचरवरचा माणूस, कॅमेऱ्यांचे रंग नि उजेड सांभाळणारे सीसीयूवाले, रिप्ले काढणारे, आवाजवाले, ग्राफिक्सवाले असे सगळे दाटीवाटीने बसलेले असतात. शेजारी दोन जनरेटर, कारण एक बंद पडला तरी चित्र जाता कामा नये. अशा गाडीला काही कोटी लागतात आणि कर्जाचा हप्ता बाराही महिने भरावा लागतो. गोव्यातलं काम मात्र ऑक्टोबरअखेरीस सुरू होतं आणि शिगमोत्सवाच्या मिरवणुका संपल्या की ओसरतं. जूनपासून पाऊस. क्रिकेटलाही इथल्या पावसाने सोडलेलं नाही. फातोर्ड्याला १९८९ पासून एकदिवसीय सामने होत होते, आणि २०१० च्या ऑक्टोबरमधला भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसाने धुऊन नेला. गाडी परवडवायची तर ती वर्षभर देशभर पळवावी लागते. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कंपन्या तेच करतात आणि चांगलं करतात. शिवाय माझ्या डोळ्यांदेखत चित्राचा दर्जा बदलत गेला, एसडीचं एचडी झालं, एचडीचं फोरके झालं, आणि प्रत्येक वेळी कालची गाडी निम्म्या किमतीलाही कोणी विचारेनासं झालं.

मग आम्ही वाढलो कशाच्या जोरावर? माणसांच्या. हे भाषणातलं वाक्य वाटेल, पण आमच्या हिशेबाच्या वहीतही हेच दिसतं.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. आपल्या देशात खासगी कंपन्यांना थेट प्रक्षेपणाचं मैदान मोकळं झालं त्यामागे एक खटला आहे. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला दिले. त्यावरून सरकारशी आणि दूरदर्शनशी वाद पेटला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर कोणाचीच मक्तेदारी असू शकत नाही. आमच्यासारख्यांची चूल त्या निकालावर पेटली, असं मी नव्या मुलांना सांगतो. त्यानंतर गाड्या मुंबईहून गोव्यात येऊ लागल्या आणि त्यांना इथे हात हवे असत. केबल ओढायला, ट्रायपॉड वर चढवायला, रात्री सामानाजवळ झोपायला. मी त्या हातांपैकी एक.

आमचं पहिलं खरं भांडवल म्हणजे रस्त्याची माहिती. जुन्या झुआरी पुलावरून अवजड वाहनांना बंदी होती. मुंबईचा ड्रायव्हर पत्रादेवीहून पणजीपर्यंत सरळ यायचा आणि पुढे मडगाव जवळच आहे असं समजून चालायचा. त्याला फोंड्याकडून बोरी पुलावरून वळसा घालायला लावायचं, वाटेतल्या वाकड्या वळणांचा आणि खाली आलेल्या तारांचा अंदाज आधीच द्यायचा, हे काम आम्ही न मागता करत गेलो. पुढच्या वेळी मुंबईहून निघण्याआधीच फोन यायचा. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, कायमचा गोव्यात आला आणि नोव्हेंबर महिना आमच्यासाठी पक्का झाला.

तरीही २०१४ पर्यंत आमची कंपनी म्हणजे एक फोनची वहीच होती. त्या वर्षी जानेवारीत लुसोफोनिया क्रीडा स्पर्धा झाल्या, ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फुटबॉल स्पर्धा सुरू होऊन एफसी गोवाचे सामने फातोर्ड्याला होऊ लागले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पणजीत इफ्फी, फातोर्ड्याला फुटबॉल आणि जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी होणारं सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन, असं सगळं एकाच वेळी आलं. तिन्हीकडे अनुभवी माणसं हवी होती. केबल ओढणारे पुष्कळ होते. कॅमेऱ्यामागे उभा राहणारा, आवाज सांभाळणारा, रिप्ले काढणारा गोमंतकीय शोधावा लागत होता. मुंबईहून माणूस आणायचा म्हणजे विमानाचं तिकीट, ऐन हंगामातलं हॉटेल, रोजचा भत्ता. तेव्हा ठरवलं की गाडीसाठी बाजूला काढलेले पैसे मुलांना शिकवायला घालायचे.

इथे गोव्याने आम्हाला जे दिलं ते दुसरीकडे मिळालं असतं असं मला वाटत नाही. रिप्लेच्या यंत्रावर, ज्याला सगळे ईव्हीएस म्हणतात, बसणारा माणूस बटणं दाबायला काही महिन्यांत शिकतो. कोणता क्षण राखून ठेवायचा हे त्याला कोण शिकवणार? गोल झाल्यावर गोल सगळेच दाखवतात. पण त्याआधी डावीकडून धावत सुटलेल्या खेळाडूने बचावपटूला कसं ओढून नेलं आणि मधली जागा कशी मोकळी झाली, हे दिसायला लहानपणापासून शेतात फुटबॉल खेळलेला डोळा लागतो. केप्याची एक मुलगी आमच्याकडे ग्राफिक्सवर मदतनीस म्हणून आली होती. तिचे दोन्ही भाऊ गावच्या संघात. ती पडद्याकडे बघत पुटपुटायची, आता पास मागे जाणार, आता हा पडणार, आणि तसंच व्हायचं. तिला ईव्हीएसवर बसवलं. आज परदेशी दिग्दर्शक असला तरी तिला टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या हेडफोनवर, फारसं काही सांगावं लागत नाही. त्याने मागायच्या आधी तिची क्लिप तयार असते.

नाटकवाल्यांबद्दल तर मी तासभर बोलू शकेन. फोंडा तालुक्यात जत्रेतलं नाटक आणि कला अकादमीची स्पर्धा यांवर वाढलेली मुलं आमच्याकडे फ्लोअर मॅनेजर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर कोणी कधी यायचं ते सांगणारी, झाली. विंगेत उभं राहून नटाला एण्ट्री देणाऱ्याला क्यू, म्हणजे सुरू करायची खूण, काय असते हे समजावून सांगावं लागत नाही. अंधारात गप्प राहायचं, घाईत पळायचं नाही, समोरच्याचा तोल ढळला तर आपण शांत राहायचं, हे सगळं त्याच्या अंगात असतं. मंत्री, अभिनेते, बिशप, सगळे अशा मुलांचं मुकाट ऐकतात, हे मी पाहिलंय. भजनी मंडळातून आलेला आमचा आवाजवाला पखवाजाच्या शाईवर माइक किती जवळ न्यायचा यावर अजूनही वाद घालतो. त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं.

खरी कसोटी लागली ती कोविडमध्ये. २०२०-२१ चा संपूर्ण आयएसएल हंगाम गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तीन मैदानांवर ११५ सामने, प्रेक्षक एकही नाही. एकदा बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडलेल्या मुक्कामात, गेलं की बाहेर नाही. नोव्हेंबरमध्ये आत गेलेली आमची मुलं मार्चमधल्या अंतिम सामन्यानंतर घरी आली. ताळगावात घर असलेला मुलगा बांबोळीच्या मैदानावर रोज उभा राहत होता आणि आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. त्या रिकाम्या मैदानांत प्रशिक्षकाची प्रत्येक ओरड माइकमध्ये यायची, म्हणून आवाजाच्या टेबलावरचा माणूस नव्वद मिनिटं बोटं फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या दट्ट्यांवर, ठेवून बसायचा. बाहेरून माणसं आणणं, त्यांना विलगीकरणात ठेवणं महाग आणि अवघड होतं. त्यामुळे आमच्यातल्या ज्यांनी एरवी आणखी काही वर्षं सहायक म्हणून काढली असती, त्यांना मुख्य जागा मिळाल्या आणि त्यांनी त्या पेलल्या. पुढचा हंगामही गोव्यातच झाला. त्या दोन हंगामांनी आमच्या माणसांचं शिक्षण पुरं केलं असं मी मानतो. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या, चाळीसहून अधिक खेळ, राज्यभर विखुरलेली मैदानं. तेव्हा आम्ही माणसं पुरवण्यापलीकडे जाऊन काही ठिकाणची पूर्ण निर्मिती पाहिली. गाडी भाड्याने आणली. तिच्यात बसलेली माणसं आमची होती.

पैशाबद्दलही सांगायला हवं, कारण या धंद्यातल्या कितीतरी कंपन्या काम भरपूर असताना बुडाल्या. आमच्याकडे काम संपलं की बिल जातं आणि पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. मोठ्या कामाचे कधी त्याहून उशिरा. रोजावर आलेला मुलगा चार महिने थांबू शकत नाही. त्याच्या घरी हप्ता असतो, बहिणीचं लग्न असतं. आमच्याकडे महिन्याच्या दहा तारखेला सगळ्यांचे पैसे खात्यात जातात, समोरच्याने आम्हाला दिलेले असोत वा नसोत. गाडी घेतली असती तर हे जमलंच नसतं. तो सगळा पैसा चाकांवर उभा असता. आता आयकर कायद्यातल्या तरतुदीने (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ब(ह)) सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय वजा दाखवता येत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झालं. या धंद्यात नव्याने येणाऱ्याने आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करावी आणि प्रत्येक काम लेखी घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती. नुसत्या फोनवरच्या ‘या हो, बघू नंतर’वर कोणाच्या पोराला कॅमेऱ्याच्या टॉवरवर चढवू नये. आणि चढवायचं तर सेफ्टी बेल्ट बांधून आणि विमा उतरवून. ऑक्टोबरात विजा चमकू लागल्या की आमच्याकडे वर कोणी राहत नाही, दिग्दर्शक काहीही म्हणो. तेवढा एक कॅमेरा नसला तरी सामना दाखवता येतो.

उद्या गाडीचा प्रश्नच मागे पडेल अशीही चिन्हं आहेत. आता कित्येक कामांत मैदानावर फक्त कॅमेरे नि केबलवाले असतात, सिग्नल फायबरवरून दुसऱ्या शहरातल्या कंट्रोल रूमला जातो आणि दिग्दर्शक तिथेच बसतो. आम्ही यंदा घेतलं ते फ्लायपॅक, म्हणजे पेट्यांत बसणारी छोटी निर्मिती यंत्रणा. ती टेम्पोतून सांग्याच्या शाळेतही जाते आणि कवळ्याच्या देवळाच्या अग्रशाळेतही (भक्तांच्या उतरायच्या जागेत) मांडता येते. तिथे ओबी व्हॅन वळतसुद्धा नाही.

हंगामाबाहेरचे महिने आम्ही शिकवण्यात घालवतो. पावसात लेन्सला बुरशी धरते, कनेक्टरवर खारा थर बसतो, म्हणून सामान साफ करता करताच वर्ग चालतो. पहिला आठवडा फक्त केबल गुंडाळायला, कारण पीळ पडलेली केबल सामन्याच्या दिवशी दगा देते. दहावी झालेलं चालतं, इंग्रजी येत नसलं तरी चालतं, मुलींसाठी रात्री घरी सोडायची गाडी असते. यंदाचे वर्ग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोंड्यात सुरू होतील आणि चवथीच्या आठ दिवस आधी थांबतील. त्या दिवसांत गोव्यात कोणीच कामाला येत नाही, आणि आम्हीही बोलवत नाही.