पाहणीवाले मे महिन्यात येतात

कोळसा खाणीला पर्यावरण मंजुरी हवी असली की कंपनीला आधी एक जाडजूड अहवाल करून घ्यावा लागतो. त्यात झाडं, प्राणी, पक्षी यांचं एक प्रकरण असतं. कंपनी पुढं जैवविविधतेसाठी जे काही करते, ते या प्रकरणावरून ठरतं. वणी-भद्रावतीकडच्या आमच्या वर्धा नदीच्या पट्ट्यात असे अहवाल ढिगानं झालेत. त्यातल्या एकासाठी मी दोरी धरली आहे.

दोरी म्हणजे खरोखरची, सुतळीची. अहवाल करून देणाऱ्या एजन्सीचे दोन पोट्टे आणि एक मॅडम आल्या होत्या. त्यांना वाटा दाखवणारा, गावात ओळख असणारा माणूस पाहिजे होता. मे महिन्यात कापसाचं वावर रिकामं, मीही रिकामाच, आणि रोजी बरी होती. झाडं मोजायला दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, झुडपांना पाच बाय पाचचा आणि गवत-भाजीसारख्या बारक्या वनस्पतींना एक बाय एकचा. चार खुंट्या, सुतळी, आणि आत काय काय आहे ते लिहायचं. खाणीची जागा आणि तिच्याभोवती दहा किलोमीटर, एवढा टापू.

नाल्याकाठच्या पडीक तुकड्यात आम्ही मीटरभराचा चौकोन टाकला. काळ्या मातीला अशा भेगा की हात मनगटापर्यंत आत जाईल. आत एक रिंगणी, तिला पिवळी फळं. वाळल्या कुसळीचे बुडखे. शेळीच्या लेंड्या. मुंगळ्यांची एक रांग, ती चौकोनाच्या बाहेरून येऊन बाहेर चाललेली, म्हणून ती धरायची का नाही यावर पोट्ट्यांची थोडी चर्चा झाली. मॅडमनी लिहिलं, प्रजाती दोन. खोटं काही नव्हतं. दोनच होत्या.

त्याच जागी ऑगस्टमध्ये पाय कुठं ठेवावा कळत नाही. तरोटा, केना, आघाडा, दुधी, कुर्डू, रानमाठ, आणि ज्यांची नावं आमच्या आईलाच माहीत अशा आणखी कितीतरी. पहिला दमदार पाऊस पडला की जमिनीत दडून बसलेले मोठे बेडूक रातोरात नाल्याच्या पाण्यात उतरतात, नर हळद लावल्यागत पिवळेजर्द. मृगाचे लाल किडे वावरभर फिरतात. चातक येतो, नवरंग येतो. बांधावरच्या वारुळाजवळ टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, निघतात आणि ते कोणाला आधी सापडले यावरून भांडणं होतात. आम्ही मे महिन्यात सुतळी ताणून उभे होतो, तेव्हा यातलं बरंचसं आमच्या पायाखालीच होतं. बी होऊन, अंडी होऊन, नाहीतर झोपलेलं.

एजन्सीला शिव्या देऊन भागत नाही, कारण नियमच तसा आहे. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखाली खाणींना अभ्यासाच्या ज्या ठरीव अटी घालून दिल्या जातात, त्यांत एका हंगामाची माहिती मागितलेली असते आणि पावसाळा सोडून असं स्पष्ट म्हटलेलं असतं. मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर, नाहीतर डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा, पाणी, आवाज, माती, आणि त्याच ओळीत शेवटी झाडं आणि प्राणी. हवेसाठी हे पटतं. पावसात धूळ बसते, तेव्हा मोजली तर खाण सोवळी दिसेल. पण धुळीसाठी बरोबर असलेला नियम बेडकाला लावला की बेडूकच गायब होतो. तणमोर या पक्ष्याचं घ्या. अकोला-वाशिमकडच्या गवताळ रानात त्याचा नर पावसाळ्यातच गवतातून उंच उड्या मारतो, एरवी तो बाजूनं गेलात तरी दिसायचा नाही. तिथं फासेपारधी समाजातली माणसं त्याच्या राखणीला उतरली आहेत. त्यांना हंगाम कोणी शिकवावा लागत नाही.

मोर मात्र दिसला. उन्हाळ्यात पाण्यावर येणारा मोर दिसणारच. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि यादीत त्या अनुसूचीतला जीव आला की कंपनीला त्याच्यासाठी वेगळा संवर्धन आराखडा करावा लागतो, पैशाच्या तरतुदीसह. म्हणून आमच्याकडं सिमेंटचे पाणवठे झाले. वाईट नाहीत. सकाळी मोर पितात, बाकी दिवस शेळ्या.

नाल्याचं तसं झालं नाही. मे महिन्यात तो कोरडा, अहवालात 'हंगामी नाला' एवढंच. खाणीच्या आड येत होता म्हणून वळवला. नवा नाला पोकलेननं ओढलेला आहे, सरळसोट, दोन्ही काठ घासून सारखे केलेले. पाणी वाहून न्यायचं काम तो चोख करतो. जुन्याला वाकणं होती, वाकणांना डोह होते आणि डोहांत दिवाळीनंतरही पाणी असायचं. पहिल्या पुरात वर्धेतून मासे त्यानं वर चढायचे, आणि आम्ही पोरं बनियन पाण्यात धरून उभी राहायचो. आता पाऊस थांबला की थोड्याच दिवसांत तळ उघडा पडतो. नव्या नाल्यात चार डोह खोदायला काय लागलं असतं? पोकलेन तिथंच उभा होता. पण कागदावर मासाच नव्हता, मग डोह खोदायचे कोणासाठी?

ओबीचं वेगळं सांगायला पाहिजे. ओबी म्हणजे कोळशाच्या वरची माती-दगड काढून रचलेले डोंगर. त्यावर सहसा सुबाभूळ आणि गुलमोहर लावून मोकळे होतात. एका उतारावर मात्र आधी बाजूला काढून ठेवलेली काळी माती पसरली आणि मारवेल गवताचं आणि स्टायलो या चाऱ्याच्या वनस्पतीचं बी टाकलं. तिथं आता लावे आहेत, ससे आहेत, कोल्ह्याची जोडी मी स्वतः पाहिली. ही कल्पना कंपनीच्या पर्यावरण विभागातल्या एका तरुण साहेबाची. गाडी उभी करून तो गायक्याशी, म्हणजे ढोरं राखणाऱ्याशी, बोलायचा, कोणतं गवत ढोरं खातात, कोणतं खात नाहीत. त्याची बदली झाली आणि पुढच्या ओबीवर परत सुबाभूळ आली. झाडांचा आकडा अहवालात टाकता येतो, गवताचा कसा टाकणार?

मंजुरीआधी गावकऱ्यांचं ऐकायला जनसुनावणी होते, तिच्यात बहुतेक वेळ नोकरी आणि मोबदल्यात जातो. जायलाच पाहिजे, ज्याचं वावर गेलं त्याला बेडकाचं कोण सांगणार? तरी शेवटी आमच्या म्हाताऱ्या गायक्यानं माइक घेतला.

"सायेब, तुमचे मानसं उन्हाळ्यात येऊन गेले. आमच्या नाल्यात जीव रायते पावसाळ्यात. तवा तं कोनीच नाई आलं."

मंडप हसला. व्यासपीठावरून उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. आणि ती खरंच घेतली. इतिवृत्तात वाक्य आहे, 'एका ग्रामस्थाने पावसाळ्यातील जैवविविधतेबाबत विचारणा केली.' पुढं काही नाही.

आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात लोक जैवविविधता नोंदवही आहे, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची वही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं ती प्रत्येक गावानं करायची असते. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा घाईघाईत ज्या वह्या भरल्या गेल्या, त्यातलीच आमची. शेजारच्या गावाच्या वहीशी ती शुद्धलेखनाच्या चुकांसकट जुळते. आता आम्ही ती नव्यानं भरतोय. गायकी आणि आई सांगतात, मी लिहितो, प्रत्येक नोंदीपुढं महिना आणि जागा. आई एकेका भाजीपुढं ती कशी करायची तेही सांगते. तेही लिहून घेतो.

खाणीचं विस्तारीकरण येतंय असं ऐकतो, म्हणजे पुन्हा अहवाल, पुन्हा सुतळी. तुमच्याकडं असं काही चाललं असेल तर एवढं करा. सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना निघते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, सारांश मराठीत असतो. त्यात झाडं-प्राण्यांची पाहणी कोणत्या महिन्यांत झाली ते आधी बघा. मग नाला, तळं, गवताचं रान यांच्यापुढं काय लिहिलंय ते बघा. पावसाळ्यात एकदा पाहणी करा अशी मागणी लेखी द्या, नोंदवहीची पानं जोडा आणि पोच घ्या. नुसतं माइकवर बोललात तर तुमचंही एक वाक्य होईल.