मे महिन्यातील एल्ब्रुस : बोर्ड कुठवर न्यावा आणि कुठे ठेवावा

ठाण्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना आम्ही तिघे मे महिन्याच्या उत्तरार्धात एल्ब्रुसच्या दक्षिण उतारावर जाऊन आलो. मी नौपाड्यात राहतो, बरोबरचा मित्र ऐरोलीचा आणि त्याची धाकटी बहीण खारघरची. तिघांचाही गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम झालेला आहे आणि गुलमर्गला चार हिवाळे घालवल्यामुळे स्नोबोर्डवर बऱ्यापैकी हात, खरे तर पाय, बसलेला आहे. शिखर गाठायचे आणि उतरताना जमेल तेवढा उतार बोर्डवरून यायचे, असा आमचा बेत होता. मे महिन्यात या डोंगरावर दोन्ही गोष्टी शक्य आहेत, मात्र बोर्ड कोणत्या उंचीवर ठेवून पुढे जायचे हा निर्णय त्या दिवशीच्या बर्फावर सोपवावा लागतो. हा वृत्तांत मुख्यतः त्या निर्णयाविषयी आहे.

एल्ब्रुस हा रशियाच्या काबार्डिनो-बाल्कारिया प्रांतातील सुप्त ज्वालामुखी आहे. त्याची दोन शिखरे आहेत, पश्चिमेचे 5642 मीटर आणि पूर्वेचे 5621 मीटर. त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा मानतात. आपला येऊर आणि पारसिकचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला, त्यामुळे आपल्याला ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर राहत असल्याची जाणीव होत नाही. एल्ब्रुसच्या पायथ्याशी ती होते. तेरस्कोल या गावाजवळ जमिनीतून नारझान नावाचे नैसर्गिक फसफसणारे पाणी येते आणि त्यातील लोहामुळे आजूबाजूचे दगड तांबूस झालेले आहेत. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे पाहिलेल्या माणसाला तेथे थोडा वेळ थांबावेसे वाटेल.

मिनरलनिये वोदीच्या विमानतळावरून बाक्सान खोऱ्यातून तेरस्कोलपर्यंत मोटारीने साधारण चार तास लागतात. 2022 च्या मार्चपासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे तेथे चालत नाहीत, म्हणून संपूर्ण खर्चाची रोख रक्कम, तीही काही जास्तीची धरून, बरोबर ठेवावी. वादळामुळे आमचे दोन दिवस वाढले आणि ते केवळ या जास्तीच्या पैशांमुळे निभावले.

विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिले दोन दिवस खोऱ्यातच काढले. तेरस्कोलच्या वेधशाळेच्या वाटेने 3000 मीटरपर्यंत चढून खाली येऊन झोपायचे, संध्याकाळी बटाटा आणि चीज भरलेली गरम खिचिन आणि सोबत ताकासारखे आयरान घ्यायचे, असा क्रम होता. खिचिन आपल्या बटाट्याच्या पराठ्याइतकी जवळची वाटते आणि उंचीवर भूक मरते तेव्हा असे ओळखीचे अन्नच घशाखाली उतरते. समुद्रसपाटीवरून आलेल्या आपल्यासारख्यांनी हे दोन दिवस वाचवण्याचा विचारही करू नये. आझाऊ (2350 मीटर) येथून गोंडोलाने, म्हणजे रोपवेच्या बंद डब्याने, तीन टप्प्यांत गाराबाशी या वरच्या स्थानकाच्या 3847 मीटरवर थोड्याच वेळात पोहोचता येते आणि नेमका तोच धोका आहे, कारण शरीर मागे राहते.

आता बर्फाविषयी. मराठीत आपण आकाशातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि सरबतात घालतो त्यालाही. एल्ब्रुसवर मात्र या दोहोंमध्ये जीव वाचण्या-जाण्याइतके अंतर आहे. मे महिन्यात दिवसा ऊन लागून पृष्ठभाग वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. हे चक्र काही दिवस चालले की बर्फाचे कण गोल आणि मोठे होतात. सकाळी अकराच्या सुमारास गाराबाशीच्या वर मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला तेव्हा तळहातावर अक्षरशः भिजवून निथळलेला साबुदाणा होता, दाणा न् दाणा सुटा. बोर्डसाठी याहून चांगला पृष्ठभाग नाही. पण हेच दाणे पहाटे चार वाजता एकमेकांना चिकटून फरशीसारखे कडक झालेले असतात आणि दुपारी दोननंतर त्यांचा चिखल होतो, ज्यात बोर्ड रुतून माणूस पुढे फेकला जातो.

पास्तुखोव्ह खडकांच्या (साधारण 4600 ते 4700 मीटर) वर हे गणित बदलते. तेथे वाऱ्याने हिवाळ्यातील मोकळे हिम उडवून लावलेले असते आणि खाली हिरवट, काचेसारखा बर्फ उघडा पडतो. मे महिन्यातील नव्या हिमवर्षावाने तो झाकला जातो, पण हा थर कधी अर्धा मीटर असतो आणि कधी चार बोटे. वरून दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. आम्ही सरावाच्या दिवशी खडकांच्या थोडे वर जाऊन आइस अॅक्सचा (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीचा) दांडा दर वीस पावलांवर खुपसून पाहिला, तेव्हा तो काही ठिकाणी मुठीपर्यंत आत गेला आणि काही ठिकाणी ठण्‌ करून परत आला. ज्या उतारावर असा आवाज येतो तेथे बोर्डची कड धरत नाही. पडलेला माणूस थांबतही नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी आम्ही घरीच पाहायला हवी होती. खोऱ्यातील एका दुकानातून भाड्याने घेतलेले क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळण्यासाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दात) टाचेला खटका बसणारे होते आणि स्नोबोर्डच्या मऊ बुटाला तो खटका अडकण्यासाठी लागणारी कडक कडच नसते. दुकानदाराने ते पट्ट्याने आवळून दिले आणि आम्हीही ते मानून घेतले. उतारावर तिसाव्या मिनिटाला मित्राच्या डाव्या बुटाचा क्रॅम्पॉन आडवा फिरला. त्याची बहीण मागून ओरडली, “दादा, हलू नकोस, आधी अॅक्स रोव!” तो जागेवर थांबला, मी खाली जाऊन पट्टा सोडवला. उतार सौम्य होता म्हणून निभावले. मऊ बुटांसाठी पुढेमागे दोन्हीकडे पट्ट्यांची टोपली असलेले क्रॅम्पॉनच घ्यावेत. त्याहून चांगले म्हणजे चढाईसाठी दुहेरी (आतला आणि बाहेरचा असे दोन थर असलेले) गिर्यारोहण बूट वापरावेत आणि बोर्डचे बूट पाठीवर न्यावेत, कारण पहाटे शिखराच्या बाजूला तापमान उणे 20 अंशांच्या आसपास असते आणि बोर्डचे बूट त्या थंडीसाठी बनवलेले नसतात. वजन दोन-अडीच किलोंनी वाढते, ते सोसावे.

पहिल्या प्रयत्नात आम्ही रात्री एक वाजता बोर्ड पाठीला बांधून निघालो. खडकांच्या वर वारा इतका वाढला की बोर्ड शिडासारखा वारा धरू लागला आणि दर झोतासरशी पाय हलू लागले. 4900 मीटरच्या आसपास गाईडने परत फिरण्यास सांगितले. मनातून फार वाईट वाटले, तरी तो निर्णय बरोबर होता. खडकांपाशी वाऱ्याआड तीन तास थांबून, खालचा बर्फ सैल होऊ दिल्यावर आम्ही बोर्ड लावले. पहिली दोनशे मीटर उंची खडखडाटात गेली, पण 4300 मीटरच्या खाली तो साबुदाणा लागला आणि गाराबाशीपर्यंतची ती धाव या संपूर्ण प्रवासातील सर्वांत आनंदाची होती. केवळ बोर्डिंगसाठी जाणाऱ्यांनी हा पट्टा पुरेसा मानावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन दिवसांनी दुसरा प्रयत्न केला, तेव्हा बोर्ड खडकांशी आडवे टाकून, पट्ट्यांनी दगडाला बांधून ठेवले आणि हलक्या पाठीने पुढे गेलो. पूर्व शिखराच्या पोटाखालून जाणारी लांब आडवी वाट, 5300 मीटरच्या वरची खिंड आणि तेथून पश्चिम शिखराचा चढ, असा हा मार्ग आहे. सव्वादहाला आम्ही माथ्यावर होतो आणि वीस मिनिटांत उतरायला लागलो.

खिंडीतून दिसणारा सरळ खालचा उतार बोर्डधारकाला फार मोह घालतो. तो टाळावा. तो बोल्शोय आझाऊ हिमनदीच्या बाजूला, हिमभेगांच्या पट्ट्यात नेतो आणि वसंतात या भेगांवर हिमाचे पातळ पूल तयार झालेले असल्याने त्या दिसत नाहीत. धुक्यात तर खडकांच्या खालीही वाट सोडण्याचा धोका राहतो, म्हणून जीपीएसवर चढतानाचा माग नोंदवून ठेवावा आणि वाट दाखवण्यासाठी रोवलेल्या काठ्यांच्या रांगेबाहेर बोर्ड नेऊ नये. सप्टेंबर 2021 मध्ये 19 जणांचा एक गट वरच्या भागात हिमवादळात सापडून त्यातील पाच जण दगावले होते. आकाश पहाटे कितीही स्वच्छ असले तरी ढग दुपारी चढतात, हे आम्ही सहापैकी चार दिवस पाहिले. परत फिरण्याची वेळ आधी ठरवावी, आमची दुपारी बाराची होती. निघण्यापूर्वी तेरस्कोल येथील बचाव पथकाकडे गटाची नोंद करावी.

तयारीसाठी आम्ही चार महिने येऊरचा चढ आणि पारसिकची टेकडी आठवड्यातून तीनदा पाठीवर बारा किलो घेऊन केली. दम टिकवण्यास त्याचा उपयोग झाला, पण क्रॅम्पॉनवर चालण्याचा आणि अॅक्सने घसरण थांबवण्याचा सराव हिमालयातच करून जावा लागतो. डोळ्यांना चौथ्या श्रेणीचे गडद चष्मे लावावेत आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावावे, कारण ऊन बर्फावरून वर परतून येते. माझ्या नाकपुड्या पहिल्याच दिवशी भाजल्या. शेवटच्या दिवशी गोंडोला खाली जाण्याची अखेरची वेळ सकाळीच विचारून ठेवावी. आम्ही ती जेमतेम वीस मिनिटे राखून गाठली, आणि चुकली असती तर ओल्या बुटांनी आणि तीन बोर्डांसह आझाऊपर्यंतचा चिखल तुडवावा लागला असता.