ब्लोअर हळू का चालतोय?

रात्रपाळीच्या ऑपरेटरने सकाळी चार्ज देताना सांगितलं, "मॅडम, ब्लोअर आज अगदी हळू चालतायत. अँपिअर पण कमी आहेत." मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात विजेचा सगळ्यात मोठा वाटा ब्लोअरने टाकीत हवा देण्यातच जातो, तेव्हा त्याला बरं वाटणं साहजिक होतं. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

आमच्या टाकीत मैला खाण्याचं काम जिवाणू करतात. त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहावा, अशी यंत्रणा लावलेली असते: तो घटला की ब्लोअर वेग वाढवतात, वाढला की कमी करतात. त्या सकाळी पडद्यावरचा आकडा 5 च्या वर होता. मैला नेहमीइतकाच येत होता, हवा कमी जात होती, तरी ऑक्सिजन उरत होता. म्हणजे खाणाऱ्यांनी खाणं सोडलं होतं.

फिटर म्हणाला, सेन्सर गेला असेल. शंका रास्तच होती, कारण सेन्सरवर चिकट थर बसला की आकडे भरकटतात. आम्ही तो वर काढला, पुसला आणि हवेत धरला. पुण्याच्या उंचीवर, तेव्हाच्या तापमानाला तो साडेसातच्या जवळपास दाखवायला हवा. तेवढाच दाखवला. मग ब्लोअर ऑटोवरून काढून मॅन्युअलवर घेतले. तसं केलं नसतं तर यंत्रणेने हवा कमी करत आणली असती, टाकी ढवळायची थांबली असती आणि सगळा गाळ तळाच्या डिफ्युझरवर, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या रबरी पडद्यांवर, बसला असता. जिवाणूंबरोबर त्या पडद्यांचंही नुकसान झालं असतं.

टाकीतलं पाणी लिटरच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवलं. एरवी तपकिरी गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. त्या दिवशी वर गढूळपणा तसाच राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली व्होर्टिसेला हा आमचा रोजचा ओळखीचा जीव. देठावर बसलेला घंटेसारखा दिसतो, सतत आखडतो, उघडतो. त्या दिवशी देठ होते, वरचे जीव बहुतेक गळालेले. जे होते ते हलत नव्हते. मी केमिस्ट आहे, आणि या जिवांची मला मनापासून काळजी वाटते. त्यांनी काम सोडलं तर शहराचा मैला जसाच्या तसा मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातो. सोलापूरकर उजनीचं पाणी पितात.

येणाऱ्या पाण्याच्या नोंदी उघडल्या. रात्री दोन ते तीनच्या दरम्यान पीएच साडेचारच्या खाली घसरून पुन्हा वर आला होता. कुणीतरी आम्ल सोडलं होतं. पण नुसत्या आम्लाने एवढ्या मोठ्या टाकीचं इतकं बिघडत नाही. सीओडी, म्हणजे पाण्यात सेंद्रिय मैला किती आहे याचं माप, नेहमीसारखाच आला, आणि वरून फोन आला की सीओडी ठीक आहे तर अडचण काय? अडचण ही, की सीओडीच्या चाचणीला जड धातू दिसत नाहीत.

मला क्रोमियमचा संशय होता. विषारी, षट्संयुजी क्रोमियमची चाचणी सोपी आहे: डायफिनाइलकार्बाझाइड घातलं की जांभळा रंग येतो. केंद्रात आलेल्या पाण्याला रंग आला नाही. इथे फसायला होतं. मैलापाण्यात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे षट्संयुजी क्रोमियम वाटेतच त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी रूपाचं, होऊन गाळाला चिकटतं, आणि त्रिसंयुजीला ही चाचणी रंग देत नाही. म्हणून गाळातलं एकूण क्रोमियम आणि निकेल तपासायला पाठवलं. दोन्ही नेहमीच्या कितीतरी पट आले. क्रोमियमबरोबर निकेल म्हणजे बहुतेक प्लेटिंग, धातूवर धातूचा मुलामा चढवण्याचं काम. नळाच्या तोट्या, गाड्यांचे सुटे भाग यांवर आधी निकेल चढवतात, वर क्रोम.

पण शहरभरच्या वाहिन्यांमध्ये शोधायचं कुठे? सांडलेलं पाणी तासाभरात पुढे निघून जातं, सकाळी बाटली भरून काही हाती लागत नाही. मात्र चेंबरच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो, तो धातू धरून ठेवतो. तोच खरवडायचा, असं मी ठरवलं.

ड्रेनेज विभागातले एक मुकादम आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय, लांब बांबूला पत्रा बांधू." चेंबरमध्ये कुणी उतरायचं नाही, हे पहिल्यापासून पक्कं होतं. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं बंदच आहे, आणि कायदा नसता तरी मी कुणाला उतरू दिलं नसतं. हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. आधी दोरीला बांधून मीटर खाली सोडायचं, मग बांबू.

केंद्राकडून उलट्या दिशेने निघालो. जिथे दोन वाहिन्या मिळतात, तिथे दोन्हींचा थर वेगळा खरवडायचा, ज्यात धातू जास्त ती वाट धरायची. अहवाल येईपर्यंत थांबायचं, पुढचं चेंबर उघडायचं. एका ठिकाणी नकाशा संपला. त्यापुढे वाहिनीच दाखवली नव्हती, पण थरात क्रोमियम भरपूर. मामा रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "इथं एक झाकण होतं. डांबर टाकलं तेव्हा खाली गेलं. त्याला या गल्लीची लाइन येते." डांबर फोडल्यावर झाकण निघालं. आतलं सिमेंट आम्लाने खाऊन खडी उघडी पडली होती. कुठल्याच कागदावर नसलेली ती जोडणी या माणसाच्या डोक्यात होती, आणि असे मुकादम एकेक करून निवृत्त होतायत. त्यांना बरोबर घेऊन नकाशे दुरुस्त करायचं काम कुणी अजून हाती घेतलेलं नाही, याची मला खरोखर भीती वाटते.

रात्री त्या चेंबरमधून दोरीला बांधलेल्या बाटलीने नमुना घेतला. पाणी पिवळसर होतं. डायफिनाइलकार्बाझाइड घातलं आणि क्षणात गडद जांभळा रंग चढला. सार्वजनिक मलवाहिनीत षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. हा नमुना बराच पातळ केल्याशिवाय मोजताच येईना.

आमचा नमुना कोर्टात चालत नाही. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घ्यावा लागतो. त्यांनी तो घेतला. पत्र्याच्या शेडमधलं प्लेटिंगचं लहानसं काम होतं, जुनं झालेलं बाथ, म्हणजे प्लेटिंगचं द्रावण, रात्री ओतून द्यायचे. सोडियम मेटाबायसल्फाइट घालून आधी षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करायचं, मग चुन्याने पीएच वर आणून हिरवट साका वेगळा काढायचा, हे लहान कारखान्यालाही जमण्यासारखं आहे. मी ते तिथल्या कारागिरांना उभ्या उभ्या समजावलं. उघड्या हातांनी ते त्याच पाण्यात काम करत होते.

दुसऱ्या केंद्रातून टँकरने जिवंत गाळ आणून टाक्यांत सोडला. पाणी लवकर नितळ झालं, अमोनिया मात्र हटेना. अमोनिया खाणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, तिथे घाई चालत नाही.

राहिला तो आमचा गाळ. धातू कुजत नाही, तो गाळातच साठतो. आसपासचे शेतकरी आमचा वाळवलेला गाळ खत म्हणून नेतात. मी ट्रॉल्या थांबवल्या आणि तो सगळा ढीग वेगळा काढून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवायला लावला. एका शेतकऱ्याचा फोन आला, उसाला टाकायचाय, कधी मिळेल? त्यांना सगळं सांगितलं. थोडं थांबून ते म्हणाले, "मागच्या महिन्यात नेला, त्याचं काय?" त्यांच्या रानातल्या मातीचा नमुना मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आणला.