बाळसं की सूज?

आठवीत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाईंचा ‘बाल्यावस्थेत आहे’ या शब्दांवर भारी राग. निबंधात कुणी तसं लिहिलं की लाल रेघ ठरलेली. आणि आम्ही तर विज्ञान, लोकशाही, महिला क्रिकेट, सगळ्यांनाच पाळण्यात घालून मोकळे व्हायचो! बाईंचं म्हणणं, बाल्यावस्था नुसतं वय सांगते. अंगी काही लागतंय का, ते सांगत नाही. प्रवरानगरला 1950-51 साली पहिला गळीत हंगाम झाला, तेव्हा सहकारी साखर कारखानदारी बाल्यावस्थेत होती, असं आज बिनधास्त लिहा, कारण पुढे ती वाढली. पण काल सुरू झालेल्या गोष्टीचं काय? ‘बाळसं धरतेय’ लिहायचं, तर आधी धरलंय का ते बघा. मग समासात त्यांचा नेहमीचा प्रश्न यायचा : बाळसं की सूज?

तेव्हा तो निव्वळ टोमणा वाटायचा. पुढे मुलांची डॉक्टर झाले आणि हाच प्रश्न रोजचा झाला.

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उलट घटतं, कधी दहा टक्क्यांपर्यंत. दोनेक आठवड्यांत ते भरून निघतं, पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं. मांड्यांना वळ्या पडतात. हे बाळसं.

सूजही लांबून तशीच दिसते. गाल फुगलेले, पाय गोल. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचलायचा. खड्डा तसाच राहिला, तर ते अंगात साठलेलं पाणी. कुपोषणाच्या या प्रकाराचं वर्णन सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी 1933 साली गोल्ड कोस्टमधून, म्हणजे आजच्या घानातून, केलं. क्वाशिओरकोर हे त्याचं नावही तिथल्याच गा भाषेतलं. एरवी दंडघेराची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल तीव्र कुपोषित धरतात. पण कुपोषणामुळे दोन्ही पावलांना अशी सूज असेल, तर पट्टी आणि काटा काहीही म्हणोत, मूल तीव्र कुपोषितच.

खरी पंचाईत उपचार सुरू झाल्यावर. सूज उतरते तसं वजन घटतं, हात-पाय काड्यांसारखे दिसू लागतात. एका आजींनी मला वॉर्डातच धरलं, “गुबगुबीत पोर आणलं होतं ओ बाई, तुम्ही वाळवलंत!” त्यांच्या नातवाच्या पावलावर पहिल्या दिवशी पडलेला खड्डा मी त्यांना दाखवला होता. तेच पाऊल पुन्हा दाबायला सांगितलं. खड्डा पडला नाही. आजींचं समाधान काही झालं नाही. “ते ठीक,” म्हणाल्या, “पण आता खाईल कधी?” प्रश्न रास्त होता. या मुलांची भूक मेलेली असते. ती परतली की मगच खुराक वाढवायचा. पुढच्या आठवड्यात त्याच आजी वाटी घेऊन सिस्टरांच्या मागे लागल्या होत्या, पोराला अजून हवंय म्हणून.