भोसरीचा सिलिंडर, जर्मनीचा सेन्सर: संयुक्त संशोधनाच्या कराराचा माझा अनुभव

पुण्यात जर्मन कंपनीबरोबर काम करणं ही काही नवलाई नाही. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आहेत, इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ पासून आहे, आणि भोसरीत गल्लोगल्ली कुणी ना कुणी जर्मन ड्रॉइंगवर माल काढून देतंय. पण ते बहुतेक जॉबवर्क असतं. ड्रॉइंग त्यांचं, मटेरियलचा ग्रेड त्यांचा, रेटही बऱ्याचदा त्यांचाच. मी लिहितेय ते वेगळ्या कामाबद्दल. दोन्हीकडच्यांनी मिळून एक नवी वस्तू काढायची, आणि तिची मालकीही वाटून घ्यायची. आमच्याएवढ्या कारखान्यांना या वाटेने जायची इच्छा असते, पण कागदपत्रांचं नाव काढलं की पाय मागे येतो. म्हणून आम्ही काय काय केलं ते सविस्तर सांगते.

आमचा कारखाना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरचा. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. मोठं गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने. उसाच्या मिलमध्ये वरच्या रोलरवर दोन्ही बाजूंनी सिलिंडर दाब देतात, चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोच्या आसपास. एका बाजूचं सील, म्हणजे तेल अडवून धरणारं कडं, गळायला लागलं की दाब असमान होतो, रोलर तिरका उचलला जातो, बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, रस राहतो आणि त्याबरोबर साखर जाते. सील पूर्ण फुटलं तर मिल बंद. गव्हाणीपाशी उसाच्या गाड्या उभ्या राहतात, तोडलेला ऊस वाळायला लागतो आणि चीफ इंजिनियरचा फोन आम्हाला येतो, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. सील फुटायच्या आधी कळलं तर? एवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही निघालो होतो.

सेन्सर आमचा विषय नाही. हॅनोव्हरच्या प्रदर्शनात बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या एका छोट्या, घरच्याच लोकांनी चालवलेल्या कंपनीशी ओळख झाली. त्या राज्याचं आणि महाराष्ट्राचं भागीदारीचं नातं २०१५ पासूनचं. मुंबई आणि तिथली राजधानी श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. असले करार कागदावरच राहतात असं पुष्कळ जण म्हणतात. माझा अनुभव असा की त्यांनी ऑर्डर मिळत नाही, पण दार उघडतं. महाराष्ट्र म्हटल्यावर समोरच्याला नकाशा दाखवावा लागला नाही.

पैशासाठी आम्ही आयजीएसटीसीकडे गेलो, म्हणजे इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटर. दोन्ही देशांतला विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार १९७४ चा, आणि हे केंद्र २०१० मध्ये गुरुग्रामला उभं राहिलं. त्यांच्या ‘टू प्लस टू’ योजनेत चार भागीदार लागतात: दोन्ही देशांतून एकेक संशोधन संस्था आणि एकेक उद्योग. आधी छोटा प्रस्ताव, तो पसंत पडला तर सविस्तर. उद्योगाला निम्म्याच्या आसपास खर्च स्वतःच्या खिशातून घालावा लागतो आणि हे मला योग्यच वाटतं. स्वतःचे पैसे गुंतले की माणूस मीटिंगला तयारी करून येतो.

प्रस्ताव लिहिणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. आमच्या बाजूची संशोधन संस्था म्हणजे पुण्यातलं एक कॉलेज; तिथल्या सरांना अशा लिखाणाचा सराव होता. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले, ती म्हणजे वेळापत्रक. तिकडच्या विद्यापीठाने चाचण्या उन्हाळ्यात धरल्या होत्या. आमच्याकडे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलला उरकतं. मे महिन्यात मिल उघडून ठेवलेली असते, सिलिंडर आमच्याच शॉपमध्ये दुरुस्तीला आलेले असतात. हंगाम हुकला की वर्ष गेलं. त्यामुळे सगळं वेळापत्रक बॉयलर पेटण्याच्या तारखेपासून उलटं मोजत बसवून घेतलं.

मग सुरू झाला परवान्यांचा भाग. काही प्रकारचे प्रेशर ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारे सेन्सर, दुहेरी वापराच्या यादीत येतात, म्हणजे जे साध्या कारखान्यातही चालतात आणि अणुकार्यक्रमातही. त्यामुळे जर्मनीहून माल निघण्याआधी त्यांच्या निर्यात नियंत्रण कार्यालयाकडून, बाफाकडून, खात्री करून घ्यावी लागते. ड्रॉइंग ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते. आमच्याकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र मागितलं गेलं: वस्तू कुठे बसणार, कशासाठी, पुढे कुणाला देणार का. साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकांसमोर मी तो कागद ठेवला. अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्र हे शब्द वाचून ते माझ्याकडे बघतच राहिले. मी शांतपणे समजावलं, ज्या मिलवर बसणार त्या मिलचा नंबर लिहून दिला. विषय संचालक मंडळापुढे गेला आणि मगच सही झाली. कारखाना सहकारी असला की या मंडळाच्या बैठकीचा वेळ आधीच धरून ठेवावा.

खरा कस लागला तो भागीदारांच्या आपसातल्या करारात. त्यांच्या वकिलांच्या पहिल्या मसुद्यात वाटणी सरळ होती: भारत तुमचा, बाकीचं जग आमचं. ऐकायला बरं वाटतं. भारत मोठा बाजार आहे, शिवाय पेटंटवर आपलंही नाव. भावाला मान्य होतं. मला नव्हतं. ऊस फक्त भारतात होत नाही. ब्राझील आहे, थायलंड आहे. हा सिलिंडर साखरेच्या मिलचा. मिल आम्हाला कळते, ती कुठल्याही देशातली असो. आणि त्यांच्या सेन्सरला प्रेस, पोलाद, जहाजं असे शंभर दुसरे उपयोग आहेत, ते आमच्या आवाक्यातले नाहीत. म्हणून मी म्हटलं, देशाची हद्द नको, वापराची हद्द घालू. साखर यंत्रसामग्री जगभर आमची, बाकीचं सगळं हायड्रॉलिक जगभर तुमचं, भारत धरून. ‘भारत धरून’ म्हटल्यावर ते चपापले. आम्ही काही सोडायला तयार आहोत हे त्यांना त्या क्षणी दिसलं असावं, कारण तिथून पुढे बोलणं सुरळीत झालं.

आमच्या पेटंट वकीलबाईंनी आणखी तीन गोष्टी पुढे आणल्या. त्या प्रत्येक लघुउद्योजकाला माहीत हव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली, सहमालकी. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर सहमालक स्वतःपुरतं पेटंट वापरू शकतो, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही आणि आपला हिस्साही विकू शकत नाही. जर्मनीत सहमालकाला आपला हिस्सा विकायला मोकळीक आहे. घरच्या कंपन्या पुढच्या पिढीला नको झाल्या की विकल्या जातात, हे तिकडेही चालतं. उद्या आमचा भागीदार विकला गेला तर त्यांचा हिस्सा आमच्या स्पर्धकाच्या हातात जाणार. म्हणून हिस्सा विकायचा झाल्यास आधी आम्हाला विचारायचं, हे कलम घालून घेतलं.

दुसरी, आधी अर्ज कुठे करायचा. भारतात राहणारा संशोधक असेल तर कलम ३९ प्रमाणे परदेशात थेट अर्ज करता येत नाही. एकतर फॉर्म २५ भरून परवानगी घ्यायची, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. हे मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे. तिकडच्यांना सवयीने आधी म्युनिकला अर्ज करायचा होता. कायदा दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

तिसरी, भांडण झालंच तर कुठे. जर्मन कोर्टाचा निकाल आपल्याकडे थेट अंमलात येत नाही, कारण आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार जर्मनी ‘परस्पर देश’ म्हणून जाहीर नाही. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे दोन्हीकडे चालतो. आम्ही सिंगापूरचा लवाद लिहिला.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. करारात एक परिशिष्ट असतं: प्रकल्प सुरू होण्याआधी कुणाला काय येत होतं, त्याची यादी. तिकडून आलेली यादी पानं भरून होती, पेटंट क्रमांकांसकट. आमच्या बाजूला भावाने लिहिलं होतं, ‘सिलिंडर बनवण्याचा अनुभव’. एवढंच. जर्मन कंपनीच्या वकिलानेच सांगितलं की इतकं मोघम लिहू नका, पुढे तुमचंच नुकसान होईल. ते ऐकून मी शॉपफ्लोअरवर गेले आणि आमच्या फिटर मामांना शेजारी बसवलं. मामा वडिलांच्या वेळेपासून आहेत.

त्यांना विचारलं, “मामा, सील जाणार हे तुम्हाला आधी कसं कळतं?”

“ताई, गेज बघून नाही कळत. अ‍ॅक्युम्युलेटर दाब धरून ठेवतो ना. गेज पडेपर्यंत सील गेलेलं असतं.” त्यांनी उघडलेल्या सिलिंडरच्या ग्लँडमध्ये, म्हणजे दांडा बाहेर येतो त्या तोंडाच्या भागात, बोट घातलं. मुख्य सील आणि त्याबाहेरचा धूळ पुसणारा वायपर यांच्या मधल्या खाचेत. “तेल आधी इथं येतं. वायपर बगॅसच्या बारीक भुशानं घासला असला की बाहेर दिसतं, नसला तर इथंच साचतं. मी बोट फिरवतो. तेल काळं लागलं तर सील कापतंय.”

जर्मनीतल्या विद्यापीठाचा आराखडा तोवर तेलाच्या लाइनवर बसवलेल्या प्रेशर सेन्सरचा होता. नायट्रोजन भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर हळूहळू होणारी गळती झाकून टाकतो, हे मामांचं म्हणणं मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. पलीकडचे प्राध्यापक थांबले आणि ग्लँडचा छेद पुन्हा दाखवायला सांगितला. नंतर त्यांनी त्यांच्या बेंचवर तपासून पाहिलं, तसंच निघालं. सेन्सरची जागा बदलली. आता तो त्याच खाचेत बसतो.

त्यावरून दोन कागद तयार झाले. मामांचं पूर्वीचं ज्ञान परिशिष्टात गेलं: कुठे तेल साचतं, त्याच्या रंगावरून काय कळतं, कुठल्या महिन्यात वायपर घासतात. आणि खाचेत सेन्सर बसवायची रचना ही प्रकल्पातून निघालेली नवी गोष्ट, तिच्या पेटंट अर्जावर संशोधकांमध्ये मामांचंही नाव गेलं. जर्मनीत नोकरदारांच्या शोधांसाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. कंपनीने शोध घेतला की कर्मचाऱ्याला मोबदला द्यावाच लागतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण एकाच अर्जावर तिकडच्या इंजिनियरला मोबदला आणि आमच्या फिटरला नाही, हे मला पटेना. आम्ही आमच्या कंपनीचा ठराव करून मामांसाठी वाटा लिहून ठेवला. मला विचाराल तर परदेशी भागीदारीतून शिकण्यासारखं मोठं काही असेल तर ते हेच: आपल्या माणसांना काय येतं ते कागदावर उतरवणं. सेन्सर काय, पैसे दिले की विकत मिळतो.

पैसे पाठवण्याचा भाग कंटाळवाणा, पण तिथे महिने जातात म्हणून थोडक्यात सांगते. तांत्रिक सेवेचं बिल भरताना कर कापावा लागतो. भारत-जर्मनी करारामुळे तो दहा टक्के आहे, पण त्यासाठी समोरच्याचं तिथल्या कर कार्यालयाचं रहिवासाचं प्रमाणपत्र आणि, आमच्या वेळी, फॉर्म १०एफ लागला. आमच्या बाजूने पैसे बाहेर पाठवण्यासाठी तेव्हा फॉर्म १५सीए आणि सीएंचं १५सीबी प्रमाणपत्र लागलं. हे कागद बिल यायच्या आधी मागवून ठेवा. आमचं एक बिल बँकेत बराच काळ अडकलं, का तर प्रमाणपत्रावरचं वर्ष जुळत नव्हतं.

हंगामात तिकडचे दोन इंजिनियर आले. प्रयोगशाळेत सेन्सर स्वच्छ तेलात बसलेला असतो. इथे मिल हाउसमध्ये गरम पाण्याची फवारणी, रसाचे शिंतोडे, भुसा आणि पायाखाली थरथरणारी जाळी. पहिल्याच आठवड्यात केबलच्या सांध्यात रस शिरला आणि सिग्नल बिघडला. त्यांनी सांधा उघडला तेव्हा आत साखरेचा चिकट थर होता. मामांनी ग्रीस निपलची जुनी टोपी कापून त्यावर झाकण बसवलं, त्यांनी त्याचे फोटो काढले आणि नंतर तशाच आकाराचं नीट झाकण करून पाठवलं. हंगामाच्या उत्तरार्धात एका सिलिंडरवर इशारा आला. चीफ इंजिनियरनी ठरलेल्या साफसफाईच्या बंदमध्ये सील बदलून घेतलं. जुन्या सीलची कड कापलेली होती. त्यासाठी मिल वेगळी बंद ठेवावी लागली नाही.

भारतातला अर्ज आधी दाखल झाला, मग आंतरराष्ट्रीय. आता आमच्या भागातल्या आणखी कारखान्यांशी बोलणी चालू आहेत. ब्राझीलमधल्या एका मिलकडून चौकशी आली ती थेट आमच्याकडे, कारण साखर आमच्या वाट्याला आहे. करारात ठरल्याप्रमाणे भागीदाराला कळवलं आणि सेन्सरचा दर मागवला. तिथल्या मुख्य ऊसपट्ट्यात गाळप एप्रिलच्या सुमाराला, आपलं संपत येतं तेव्हा सुरू होतं, म्हणजे चाचणीसाठी पुढच्या दिवाळीची वाट बघायला नको. मामांचा पासपोर्ट काढायला टाकला आहे.