पंचवीस मिनिटं आधी पोचूनही विमान हुकलं: लंडन ते लॉस एंजेलिस

लंडन ते लॉस एंजेलिस सरळ विमानाने साधारण ८,७८० किलोमीटर, अकरा तास. मी न्यूयॉर्कमार्गे दोन वेगवेगळी तिकिटं काढली, कारण स्वस्त पडत होतं आणि हिशेबही पटला होता. लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५४०, पुढे लॉस एंजेलिस ३,९८०. वळसा जेमतेम साडेसातशे किलोमीटरचा. विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं, मग तासभरही जास्त लागू नये!

जानेवारी होता. न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरायचं, पुढचं विमान ४.४५ ला. पण पश्चिमेकडून येणारे जेट स्ट्रीमचे, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे हिवाळ्यात सर्वांत जोरात असतात आणि आम्ही थेट त्यांच्या तोंडावर. २.४० ला टेकलो.

तरी दोन तास हातात होते, असं वाटलं. पासपोर्ट तपासणीच्या रांगेतच चार वाजून गेले. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. पुढे देशांतर्गत विमान असलं तरी बॅग तिथेच उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावी लागते. माझी बॅग कुणीतरी पट्ट्यावरून उतरवून खांबाशी ठेवली होती. मी रिकाम्या पट्ट्याकडे बघत दहा मिनिटं घालवली. मग दुसरं टर्मिनल, मधली ट्रेन. काउंटरवर ४.२० ला पोचलो.

बॅगा घेणं ४ वाजताच बंद झालं होतं. सुटायच्या ४५ मिनिटं आधी बंद, हा नियम. विमान अजून गेटवर होतं, बोर्डवर त्याचं नाव दिसत होतं. मी लंडनचा बोर्डिंग पास दाखवला, उशीर माझ्यामुळे झाला नाही म्हणून परोपरीने सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी तो वाचलाही नाही. "हे आमचं तिकीट नाही," एवढंच तीनदा. आजही आठवलं की डोकं तापतं. दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर असते, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं. माझी रात्र खुर्चीवर गेली आणि सकाळचं तिकीट पदरच्या पैशाने काढलं. स्वस्तातलं सगळं तिथेच संपलं.

जायचंच असेल तर एकच बुकिंग करा, आणि शक्यतो फक्त हातातली बॅग घ्या. वेगळी तिकिटं असतील तर मध्ये पाच तास तरी ठेवा. मी आता त्याखाली जाणार नाही.

आणखी एक, तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहरातल्या असतात. लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे, पण मार्चमध्ये दोन-तीन आठवडे चारच तास, कारण उन्हाळ्यासाठी दोन्हीकडे घड्याळं तासभर पुढे करतात आणि अमेरिका ते आधी करते. ऑक्टोबर संपताना पुन्हा आठवडाभर तसंच.

परतीला सरळ विमान घेतलं. वारा पाठीशी, साडेदहा तास, आणि बॅग थेट लंडनच्या पट्ट्यावर.