आईची राजधानी, मुलाची राजधानी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाची आली होती. तिला रामटेकचा गड तेवढा दाखवून परत आणायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या दोन राजधान्या त्या गडाच्या दोन बाजूंना आहेत आणि आपले लोक त्यांच्या शेजारून थेट देवदर्शनाला निघून जातात.

सकाळी तर्री पोहे खाऊन नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून एसटी पकडली. कामठी, कन्हान करत गाडी जाते. मनसर वाटेतच लागतं, पण तिथं उतरलो नाही. आधी आईची राजधानी, मग मुलाची, असा क्रम मला हवा होता. रामटेक स्टँडवर दिवसभरासाठी ऑटो ठरवायला गेले, तर ऑटोवाले दादा गोंधळातच पडले.

"मनसरले काय हाय जी? नुसती टेकडी हाय. त्यापेक्षा खिंडशीले बोटीत बसा."

नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन. तिथं किल्ला आहे, पण आज जो दिसतो तो भोसलेकाळातला. खरं नगर गावाखाली आणि आजूबाजूच्या शेतांखाली आहे. त्यामुळे बघायचं काय, हा भाचीचा प्रश्न रास्तच होता. मग किल्ल्याच्या सावलीत बसून तिला प्रभावतीगुप्ता सांगितली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांच्या घरी आली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर गेला आणि मुलं लहान, म्हणून राज्य हिनेच चालवलं. तिचा 'पुणे ताम्रपट' याच नंदिवर्धनाहून दिलेला, राजवर्ष 13 चा. त्यात वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून! "म्हणजे सासरचं नाव मागून?" भाची एकदम सरळ होऊन बसली. 2015 ते 2018 च्या दरम्यान इथं राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. त्यात या राणीच्या नावाचा मातीचा मुद्रांक (शिक्क्याचा ठसा) निघाला, वर शंख कोरलेला. एवढं कळल्यावर त्याच शेतांकडं ती वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

तिथून मनसर दहा-बारा किलोमीटर. आईच्या राजधानीतून मुलाच्या राजधानीत आम्ही ऑटोनं, मँगनीजच्या ट्रकांची धूळ खात पोचलो. प्रभावतीगुप्तेच्या मुलानं, दुसऱ्या प्रवरसेनानं, प्रवरपूर वसवलं. ते वर्ध्याजवळचं पवनार, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. पण 1998 पासून पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी मनसरला खोदकाम केलं, 'प्रवरेश्वर' नावाचे मुद्रांक मिळाले, आणि आता बरेच अभ्यासक मनसरच धरतात. मला स्वतःला मनसरच पटतं. ती टेकडी पाहिल्यावर दुसरं काही पटणं अवघड आहे.

लोक तिला हिडिंबा टेकडी म्हणतात. विटांचे टप्पे एकावर एक चढत जातात, मधेच कोनाडे, मधेच कोन काढत वळणाऱ्या भिंती. इथं चुन्यामातीची एक मनुष्याकृतीही सापडली होती. तो पुरुषमेधाचा, म्हणजे नरबळीच्या यज्ञाचा पुरावा, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं होतं. सगळ्यांना ते मान्य नाही. आम्ही वर निवांत फिरलो, कारण आमच्याशिवाय कुणी नव्हतं. इथली सर्वांत देखणी शिवमूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपलं वैभव बघायला तिकडं जावं लागतं, याचा मला दर वेळी राग येतो.

ऊन उतरल्यावर गडावर गेलो. रामाच्या देवळाची गर्दी नेहमीचीच, माकडंही. मला दाखवायचा होता केवल नरसिंह. पाचव्या शतकातलं हे देऊळ पडलेलं नाही आणि भिंतीत वाकाटकांचा शिलालेख आहे. त्यातही प्रभावतीगुप्तेचा संदर्भ येतो. भाचीनं अक्षरांवर मोबाइलचा उजेड तिरका धरून बराच वेळ घालवला. गडावरच्या वराहमूर्तीच्या पोटाखालून पापी माणसाला सरकता येत नाही म्हणतात. ती सहज निघाली. मी प्रयत्नच केला नाही.

पवनीही त्याच दिवशी उरकू, असं ती म्हणत होती. तसं करू नका. पवनी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, नागपुरातून उमरेड-भिवापूरमार्गे जावं लागतं. तिथली मातीची तटबंदी, खंदक आणि जगन्नाथ टेकडीचा स्तूप याला अख्खा दिवस हवा. शिवाय ती वाकाटकांच्याही कितीतरी आधीची गोष्ट.